पात्र एकच, हात निराळे

चीनमधील हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सप्टेंबर २०२३मध्ये दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू याने सुवर्णपदक पटकावले, तेव्हा तो ४४ वर्षांचा होता. नेमबाजीत किंवा ब्रिजमध्ये या वयाचे कुणाला नवल वाटले नसते. किमचे पदक मात्र 'स्ट्रीट फायटर ५' या व्हिडिओ गेममधील होते. अंतिम लढतीत त्याने तैवानच्या सियांग यु-लिनला ४-३ असे हरवले. ज्या खेळात एका सेकंदाचे साठ भाग पाडून हिशेब केला जातो आणि ज्यात पंचविशी उलटली की बोटे मंदावतात असे सर्रास बोलले जाते, त्या खेळात चाळिशी पार केलेला माणूस आशियात पहिला आला.

ई-स्पोर्ट्सची पदके अधिकृतपणे मोजली गेलेली ही पहिलीच आशियाई स्पर्धा. भारताचे मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास हे दोघेही याच खेळात उतरले होते. त्यांना पदकापर्यंत पोहोचता आले नाही. आपल्याकडील वृत्तपत्रांत त्या दिवशी नेमबाजीची पदके मोठ्या अक्षरांत होती आणि ते योग्यच होते. पण किमच्या विजयाने उभा केलेला प्रश्न त्यामुळे लहान ठरत नाही. केवळ बोटांच्या चपळाईवर हा खेळ जिंकता येत असता, तर हे पदक एखाद्या अठरा वर्षांच्या मुलाच्या गळ्यात दिसायला हवे होते. मग चपळाईखेरीज या खेळात आणखी काय असते?

जाणकार खेळाडू त्याला 'शैली' म्हणतात. पडद्यावरचे पात्र तेच, त्याचे डाव तेच, बटणेही तीच. तरीही समोरच्या खुर्चीवर कोण बसले आहे हे जुन्या प्रेक्षकाला नाव न वाचता ओळखता येते. एकच बंदिश दोन गायकांच्या गळ्यातून ऐकताना जो अनुभव येतो, त्याच्याशी हे बरेच मिळतेजुळते आहे. ही शैली कशी घडते, आणि घडल्यावर ती खेळाडूला तारते की अडकवते, हे समजून घ्यायचे तर आधी या खेळाच्या यंत्रात थोडे डोकावावे लागेल.

विचाराला वेळ नसतो तेव्हा

लढतीच्या व्हिडिओ गेमचा साचा १९९१मध्ये कॅपकॉम या जपानी कंपनीच्या 'स्ट्रीट फायटर २'ने पक्का केला. दोन पात्रे समोरासमोर उभी राहतात. प्रत्येकाच्या डोक्यावर जीवशक्तीची पट्टी असते आणि ती आधी संपेल तो हरतो. हल्ला करता येतो, हल्ला अडवता येतो, आणि नुसता अडवत बसणाऱ्याला पकडून आपटताही येते. या आपटण्याला 'थ्रो' म्हणतात. दगड, कागद आणि कात्रीच्या खेळासारखेच हे चक्र आहे. हल्ल्याला बचाव भारी, बचावाला थ्रो भारी आणि थ्रो करायला सरसावलेल्याला झटपट हल्ला भारी.

फरक असा की दगड, कागद, कात्रीत तिन्ही पर्यायांची किंमत सारखी असते. येथे ती तशी नसते. थ्रो बसला तर थोडे नुकसान होते. चुकीच्या वेळी मारलेला ठोसा हुकला, तर समोरचा एकामागून एक फटक्यांची माळ लावून जीवशक्तीचा तिसरा हिस्सा उडवू शकतो. या माळेला 'कॉम्बो' म्हणतात. गंमत म्हणजे कॉम्बो ही मुळात कुणाची योजना नव्हती. 'स्ट्रीट फायटर २' तयार होत असताना मोटार फोडण्याच्या बक्षीस फेरीत फटके एकमेकांना जोडले जातात, हे निर्मात्यांच्या लक्षात आले. कुणाला फारसे जमणार नाही अशा समजुतीने ती त्रुटी तशीच राहू दिली गेली, आणि पुढे साऱ्या खेळप्रकाराचा तोच कणा झाला.

आता वेळेचा हिशेब पाहू. हे खेळ सेकंदाला ६० चित्रांच्या, म्हणजेच फ्रेमच्या गतीने चालतात. डोळ्यांनी काही पाहून बोटाने बटण दाबायला माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा ते चौथा हिस्सा लागतो. म्हणजे १२ ते १५ फ्रेम. 'स्ट्रीट फायटर'मधील सर्वांत जलद ठोसे मात्र तीन ते पाच फ्रेममध्ये लागू होतात. असा ठोसा पाहून अडवणे जगातील कोणत्याही माणसाला शक्य नाही. तो येणार असे आधीच गृहीत धरावे लागते. याउलट उडी मारून येणारा प्रतिस्पर्धी सुमारे पाऊण सेकंद हवेत असतो. त्याला पाहून उत्तर देता येते, पण लक्ष तिकडे असेल तरच. थ्रो, धाव, खालची लाथ आणि उडी या चारही गोष्टींवर एकाच वेळी सारखेच लक्ष ठेवता येत नाही. एकावर डोळा रोखला की दुसरी निसटते.

म्हणजे प्रत्येक खेळाडूला सतत दोन निवडी कराव्या लागतात. एक, कशावर लक्ष ठेवायचे. दुसरी, जे दिसण्याआधीच घडते तेथे कोणत्या पर्यायावर पैज लावायची. विचार करायला वेळ नसल्याने या निवडी स्वभावातून आणि सवयीतून होतात. शंभर वेळा, हजार वेळा त्याच त्या प्रकारे केलेल्या निवडींची बेरीज म्हणजे शैली. ती नटवेपणातून येत नाही आणि आवडत्या रंगाच्या पोशाखातून तर मुळीच येत नाही.

एक साधा प्रसंग घेऊ. खेळाडू खाली पडला आहे, उठणार आहे आणि समोरचा त्याच्या उशाशी उभा आहे. उठता उठता तो चार गोष्टी करू शकतो. शांतपणे बचाव करू शकतो, थ्रो सोडवण्याची तयारी ठेवू शकतो, झटपट ठोसा मारू शकतो किंवा रियू आणि केन या पात्रांचा प्रसिद्ध 'शोर्युकेन' मारू शकतो. उडी घेत मारलेला हा ठोसा सुरुवातीच्या क्षणी अभेद्य असतो. पण समोरच्याने तो अडवला, तर मारणारा हवेतून असहाय खाली येतो आणि मोठा मार खातो. काही खेळाडू अशा वेळी दहापैकी सात वेळा शोर्युकेन मारतील, काही एकदाही नाही. दोन्ही प्रकारचे खेळाडू विश्वविजेते झाले आहेत.

सवयीचा वास

येथवर सारे सोपे वाटते. अडचण अशी की शैली ठळक झाली की ती समोरच्यालाही दिसू लागते. दहापैकी सात वेळा शोर्युकेन मारणाऱ्यासमोर शहाणा प्रतिस्पर्धी काहीच करत नाही. नुसता बचाव धरून उभा राहतो आणि मग निवांत शिक्षा देतो.

अमेरिकी खेळाडू आणि गेम-रचनाकार डेव्हिड सर्लिन याने 'प्लेइंग टू विन' या पुस्तकात या मनकवडेपणासाठी 'योमी' हा जपानी शब्द रूढ केला. योमी म्हणजे वाचन. तुम्ही काय करणार हे मी ओळखले, ही पहिली पायरी. मी ओळखले आहे हे तुम्ही ओळखून उत्तर बदलले, ही दुसरी. त्यावरही माझे उत्तर तयार असेल, तर ती तिसरी. चौथ्या पायरीची स्वतंत्र चाल लागत नाही, कारण तेथे मूळची पहिली चालच पुन्हा उपयोगी पडते. असे हे वर्तुळ आहे, असे सर्लिनचे म्हणणे. चांगला खेळाडू आपण या वर्तुळात नेमके कुठे आहोत ते जाणतो. मध्यम खेळाडू समोरचा एक पायरी खाली असतानाच दोन पायऱ्या वर चढून बसतो आणि स्वतःच्याच हुशारीने हरतो.

याच पुस्तकात सर्लिनने आणखी एका प्रकारच्या खेळाडूची झाडाझडती घेतली आहे. हा खेळाडू मनातल्या मनात नियम तयार करतो. सारखा थ्रो करणे म्हणजे चीटिंग, लांबून गोळे फेकत राहणे म्हणजे भित्रेपणा, एकच डाव पुन्हा पुन्हा मारणे म्हणजे लाजिरवाणे. गेम पार्लरमध्ये बालपण घालवलेल्या मुंबई-पुण्याच्या पिढीला हे नियम ओळखीचे वाटतील; त्यांवरून झालेली भांडणेही. सर्लिनच्या मते खेळ ज्याला परवानगी देतो ते सारे वैध आहे आणि असे नियम पाळणारा जिंकण्यासाठी खेळतच नसतो. हे मत जरा कठोर आहे. मित्रांमधली मजा हाही खेळण्याचा उद्देश असू शकतो. पण एका बाबतीत त्याचे बरोबर आहे. थ्रो सोडवायला शिकण्याचा कंटाळा आला की 'ही माझी शैलीच नाही' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. न आलेल्या गोष्टीला शैली म्हणत नाहीत. दोन्ही गोष्टी येत असताना जी एक निवडली जाते, तिच्यातच शैली असते.

पात्राची निवड हा यातला पहिला, आणि बहुधा सर्वांत उतावळेपणाने घेतलेला निर्णय. अमेरिकी सैनिक गाइल याचे मुख्य डाव मारण्यासाठी जॉयस्टिक आधी क्षणभर मागे धरून ठेवावी लागते. मागे धरणे म्हणजेच बचाव करणे. त्यामुळे गाइल खेळणारा आपोआप सबुरीचा होतो. रशियन पहिलवान झांगिएफला लांबून काहीच करता येत नाही; त्याला कसेही करून अंगाला भिडावे लागते आणि मग एका पकडीत तो सारे वसूल करतो. गळ्यात कवट्यांची माळ घातलेला, हातपाय रबरासारखे लांबवणारा योगी धालसिम हा भारताचा प्रतिनिधी. निर्मात्यांच्या भारतविषयक कल्पनांबद्दल स्वतंत्र लेख लिहिता येईल. खेळापुरते सांगायचे तर तो अंतर राखून लढणाऱ्यांचा लाडका आहे. 'स्ट्रीट फायटर २'च्या पहिल्या आवृत्तीत रियू आणि केन जवळपास एकसारखेच होते. पुढच्या आवृत्त्यांत केन आक्रमक आणि रियू संयत होत गेला, आणि मग दोघांना निवडणारे हातही वेगळे झाले.

पोमोना, २००४

शैलींच्या टकरीचा सर्वांत गाजलेला प्रसंग २००४मध्ये कॅलिफोर्नियातील पोमोना येथे 'इव्होल्यूशन', म्हणजेच 'इव्हो' स्पर्धेत घडला. खेळ होता 'स्ट्रीट फायटर ३ : थर्ड स्ट्राइक'. एका बाजूला न्यू यॉर्कच्या आर्केडमध्ये घडलेला जस्टिन वाँग. घाई न करता, आघाडी घेऊन समोरच्याला चुकायला लावणारा. दुसऱ्या बाजूला जपानचा दाइगो उमेहारा. सतराव्या वर्षी, १९९८मध्ये त्याने सॅन फ्रान्सिस्को येथे 'स्ट्रीट फायटर अल्फा ३'चे जागतिक विजेतेपद मिळवले होते आणि त्याचे आक्रमण पाहून चाहत्यांनी त्याला 'श्वापद' असे टोपणनाव दिले होते.

पराभूतांच्या गटातील अंतिम लढतीत दाइगोच्या केनची जीवशक्ती केसाएवढी उरली. वाँगची चुन-ली लांब उभी. या खेळात विशेष डाव नुसता अडवला तरी थोडी जीवशक्ती झिजते. म्हणजे दाइगोला बचाव करूनही हार अटळ होती. वाँगने सर्वांत शहाणपणाचा निर्णय घेतला आणि चुन-लीचा १५ लाथांचा महाडाव सोडला.

'थर्ड स्ट्राइक'मध्ये एक धाडसी सोय आहे. फटका लागण्याच्या नेमक्या क्षणी मागे नव्हे, तर पुढे, फटक्याच्या दिशेने जॉयस्टिक टिचकी मारल्यासारखी हलवली की तो निष्प्रभ होतो आणि जीवशक्ती झिजत नाही. यालाच 'पॅरी' म्हणतात. क्षण चुकला की फटका पूर्ण बसतो. दाइगोने पंधराच्या पंधरा लाथा पॅरी केल्या. शेवटची तर त्याने उडी मारून हवेत झेलली, कारण तेथून उतरताना मोठा प्रतिहल्ला जोडता येतो. आणि तो जोडून त्याने फेरी जिंकली. प्रेक्षक पंधरा लाथा संपण्याच्या आधीच उभे राहिले होते.

ही चित्रफीत पाहणाऱ्यांना बोटांची अचूकता दिसते. खरी गोष्ट मात्र पहिल्या लाथेच्या आधी घडली आहे. ती लाथ इतकी झटपट येते की दिसल्यावर हालचाल करून उपयोग नसतो. म्हणजे वाँग आता नेमके हेच करणार, हे दाइगोने आधी ताडलेले असले पाहिजे. वाँग सावध खेळाडू होता, म्हणूनच तो जोखीम नसलेला मार्ग निवडणार हे उघड होते. त्याच्या शैलीनेच त्याचा डाव फोडला, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

या कथेचा शेवट क्वचितच सांगितला जातो. त्या स्पर्धेची अंतिम लढत दाइगो हरला. 'थर्ड स्ट्राइक'चे विजेतेपद जपानच्याच दुसऱ्या खेळाडूकडे गेले. आणि २०११मध्ये या खेळाची ऑनलाइन आवृत्ती आली, तेव्हा त्यात हाच पंधरा लाथांचा प्रसंग सरावाचा धडा म्हणून दिलेला होता. चार-दोन तास झटून तो अनेकांनी साधला. लाथा कधी येणार हे ठाऊक असताना पॅरी करणे शिकता येते. त्या कधी येतील हे ओळखणे कुठल्याच धड्यात बसत नाही.

श्वापदाची सुट्टी

दाइगोचे पुढचे आयुष्य शैली या शब्दाला वेगळे वजन देते. विशीत असतानाच त्याने हा खेळ सोडला. त्या काळी यातून पोट भरेल असे जपानमध्येही कुणाला वाटत नव्हते. सुमारे तीन वर्षे तो महजाँगच्या मागे लागला, त्यात वर चढला आणि तेही सोडले. मग वृद्धांच्या शुश्रूषा केंद्रात त्याने नोकरी धरली. २००८मध्ये 'स्ट्रीट फायटर ४' आर्केडमध्ये आला तेव्हा मित्रांबरोबर तो पुन्हा बसला आणि हात विसरलेला नाही असे त्याच्या ध्यानात आले. २००९मध्ये त्याने इव्हो जिंकली. अंतिम फेरीत समोर जस्टिन वाँगच होता. २०१०मध्ये पुन्हा जिंकली, आणि त्याच वर्षी एका कंपनीने त्याला प्रायोजित केले. छंद म्हणून ज्याची हेटाळणी होई, तो आता व्यवसाय झाला.

२०१२मध्ये त्याने जपानीत आत्मपर पुस्तक लिहिले. २०१६मध्ये ते इंग्रजीत 'द विल टू कीप विनिंग' या नावाने आले. जिंकणे आणि जिंकत राहणे या निराळ्या गोष्टी आहेत, हा त्याचा गाभा. एखादी हुकमी युक्ती सापडली की तिच्यावर विसंबून सामने जिंकता येतात. पण ती युक्ती इतरांना कळली किंवा खेळाच्या पुढच्या आवृत्तीत काढून टाकली गेली की खेळाडूच संपतो. म्हणून सोयीची वाट जाणूनबुजून टाळावी, त्यापायी आज हरावे लागले तरी चालेल, अशी त्याची भूमिका आहे.

ही भूमिका त्याला स्वतःलाही निभवावी लागली. 'स्ट्रीट फायटर ५'मध्ये ज्या रियूशी त्याचे नाव जोडले गेले होते, ते पात्र नव्या फेरबदलांत दुबळे झाले. २०१७मध्ये दाइगोने रियू बाजूला ठेवून गाइल धरला. चढाई करणाऱ्या खेळाडूने मागे धरून बसणारे पात्र घ्यावे, हे चाहत्यांना विचित्र वाटले. पण त्याचा गाइल इतरांच्या गाइलसारखा कोपऱ्यात बसत नसे. लांबून अस्त्र सोडून तो त्याच्याच मागे चालत पुढे येई. पात्र बदलले तरी चाल ओळखू येत होती.

या चालीची खरी परीक्षा मार्च २०१८मध्ये झाली. समोर होता टोकिडो, म्हणजे हाजिमे तानिगुची. टोकियो विद्यापीठाचा पदवीधर, २०१७चा 'स्ट्रीट फायटर ५'चा इव्हो विजेता. सर्वांत बलवान पात्र शोधायचे आणि सर्वांत कमी जोखमीचा मार्ग घोटायचा, अशी त्याची कारकिर्दीच्या सुरुवातीपासूनची ख्याती. ही लढत दहा विजयांची होती. स्पर्धेत दोन किंवा तीन डाव जिंकले की पुढची फेरी मिळते. तेवढ्यात एखादी आश्चर्याची युक्ती खपून जाते. दहा विजयांच्या लढतीत ती तिसऱ्या डावातच उघडी पडते आणि मग उरतो तो फक्त खेळाडूचा मूळ पिंड. दाइगोने ही लढत १०-५ अशी जिंकली.

लाहोरचे गुपित

शैली व्यक्तीची असते, तशी गावाचीही असते. 'टेक्केन' या १९९४पासून चालत आलेल्या जपानी खेळात मागे सरकण्याच्या एका अवघड हालचालीला जगभर 'कोरियन बॅकडॅश' म्हणतात, कारण ती कोरियाच्या आर्केडमधून आली. वर्षानुवर्षे या खेळाची सूत्रे कोरियाकडे आणि जपानकडे होती. सर्वोत्तम खेळाडू एकमेकांना पुरते ओळखून होते.

फेब्रुवारी २०१९मध्ये फुकुओका येथे 'इव्हो जपान'मध्ये लाहोरचा अर्सलान सिद्दिकी, म्हणजेच 'अर्सलान अॅश', पोहोचला तो व्हिसा आणि विमानप्रवासाच्या अडचणींतून वाट काढत. त्याचे नाव फार थोड्यांना ठाऊक होते. तो जिंकला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लास वेगासची मुख्य इव्होही त्याने जिंकली. अंतिम फेरीत कोरियाचा दिग्गज 'नी' याला हरवून. पाकिस्तानात माझ्या तोडीचे आणखी कितीतरी आहेत, असे त्याने जाहीरपणे सांगितले, तेव्हा अनेकांनी ते विनयात जमा केले. नीने केले नाही. तो स्वतः पाकिस्तानात जाऊन तेथील खेळाडूंशी खेळला आणि त्यांच्याकडून हरलाही. पुढे २०२२च्या हंगामाचे टेक्केनचे जागतिक विजेतेपद आतिफ बट या पाकिस्तानी खेळाडूने मिळवले. अर्सलानने २०२३ आणि २०२४मध्ये पुन्हा इव्हो जिंकली.

लाहोरमध्ये असे काय होते? बाहेरच्या स्पर्धांना जाण्याचे पैसे नव्हते, व्हिसा नव्हते. होती ती आर्केड, आणि खांद्याला खांदा लावून बसलेले प्रतिस्पर्धी. तेथील अनेक खेळाडू आधी 'किंग ऑफ फायटर्स' या जपानी खेळावर वाढले होते. त्यातली अंतराची आणि झटपट शिक्षेची समज त्यांनी टेक्केनमध्ये आणली. अर्सलानचा खेळ पाहताना पहिली जाणवते ती त्याची सबुरी. तो हल्ला कमी करतो, समोरच्याचा फटका अर्ध्या वितीने हुकवतो आणि हुकलेल्या प्रत्येक फटक्याची किंमत वसूल करतो. कोरियाला ही शैली उलगडायला वेळ लागला, कारण ती त्यांच्या नजरेआड वाढली होती.

हाच 'किंग ऑफ फायटर्स', विशेषतः त्याची १९९७ची आवृत्ती, नव्वदच्या दशकात मुंबईच्या पार्लरमध्येही गर्दी खेचत असे. शेजारच्या यंत्रावर 'मुस्तफा' या लाडक्या नावाने ओळखला जाणारा मारधाडीचा खेळ चाले. घरोघरी संगणक आले, सायबर कॅफे आले आणि ती पार्लर एकेक करून बंद पडली. त्यांच्याबरोबर रांगेत उभे राहून दुसऱ्याचा खेळ न्याहाळण्याची सवयही गेली. आजचा भारतीय खेळाडू बहुधा घरात एकटा, इंटरनेटवरून खेळतो. अमेरिकेतील टोनी कॅनन याने २००६मध्ये आणलेल्या 'रोलबॅक' तंत्रामुळे ऑनलाइन खेळ पूर्वीइतका अडखळत नाही, हे खरे. पण तेथे समोरचा दोन डावांनंतर निघून जातो. एकाच माणसाकडून सलग वीस वेळा हरण्याची संधी मिळणे दुर्मीळ, आणि लाहोर घडले ते त्याच संधीवर.

स्वतःचेच भूत

नव्या खेळाडूने सुरुवात कोठून करावी, याबाबत जुन्या खेळाडूंत फारसे मतभेद नाहीत. आधी कुणाची तरी सरळसरळ नक्कल करावी. तालमीत नवा पोरगा वस्तादाचे डाव आधी जसेच्या तसे घोटतो, तसेच हे आहे. सरावाच्या खोलीत पात्राच्या प्रत्येक फटक्याचा फ्रेमचा हिशेब समजून घ्यावा. मग हरलेल्या लढतींची चित्रफीत पाहावी, आणि 'काय चुकले' यापेक्षा 'त्या क्षणी मला आणखी काय करता आले असते आणि ते मी का केले नाही' हे विचारावे. कंटाळवाणे काम आहे. बहुतेक जण येथेच थांबतात आणि पात्र बदलतात.

२०२३च्या 'स्ट्रीट फायटर ६'ने अवघड डाव एका बटणावर मारण्याची 'मॉडर्न' पद्धत आणली, तेव्हा हातांची मेहनतच संपली तर शैली कुठून येणार, अशी ओरड झाली. त्या पद्धतीत एका बटणाने मारलेल्या विशेष डावाचे नुकसान २० टक्क्यांनी कमी ठेवले आहे. प्रत्यक्षात मोठ्या स्पर्धांत दोन्ही पद्धतींचे खेळाडू दिसतात आणि मॉडर्न वापरणारेही एकमेकांसारखे खेळत नाहीत. बोटांचे कष्ट कमी झाले. उठताना काय करायचे हा प्रश्न होता तसाच राहिला.

त्याहून विलक्षण सोय जानेवारी २०२४मध्ये आलेल्या 'टेक्केन ८'मध्ये आहे. खेळाडू कसा खेळतो हे यंत्र टिपत राहते आणि त्याच्या सवयींवरून त्याचे एक 'घोस्ट', म्हणजे भूत तयार करते. ते इतरांना उतरवून घेता येते, आणि स्वतःलाही त्याच्याशी लढता येते. भूत त्याच अंतरावर थबकते, तोच कॉम्बो मारते, घाबरल्यावर तीच चूक करते. आपण जमिनीवरून उठताना दर वेळी तीच लाथ मारतो, हे अनेकांना पहिल्यांदा कळते ते या भुताकडून तीच लाथ खाल्ल्यावर.